तुम्ही विचारलंत म्हणून: टाळी ठोक्यावर का पडत नाही?

"हिला तालाचं अंगच नाही का हो?" लहान मुलांना गाणं शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न मला सारखा येतो. मूल असतं तीन-साडेतीन वर्षांचं, आणि बहुतेक वेळा शेजारीच उभं राहून सगळं ऐकत असतं.

ताल कळणं वेगळं, तालात हात पडणं वेगळं. कळतं फार लवकर. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ड्रमचे ठोके ऐकवले होते. मुख्य ठोका गाळला की त्यांच्या मेंदूतल्या लहरी बदलायच्या. झोपेतही चूक कळत होती!

हाताचं काम अवघड. ठोका ऐकून मग हात हलवला तर टाळी उशिराच पडणार. हात आधीच निघायला हवा, म्हणजे पुढचा ठोका कधी येणार याचा अंदाज हवा. त्यात मुलांची स्वतःची लय भलती घाईची. मनाला येईल तसं वाजव म्हटलं, तर चार-पाच वर्षांचं मूल ढोबळमानाने सेकंदाला दोनाहून जास्त ठोके मारतं. मोठी माणसं बरीच संथ वाजवतात.

हे मला उशिरा उमगलं. मूल चुकलं की मी लय उतरवायचे; सावकाश घेतलं की जमेल, असं वाटायचं. पण दोन ठोक्यांमधलं अंतर वाढलं की मुलाला तेवढा वेळ थांबवतच नाही, ते मध्येच एक टाळी घुसवतं. कित्येक वर्षं मी त्याला खोडकरपणा समजले. आता मूल ज्या लयीत वाजवतं ती मीच धरते आणि जमली की जराशी खाली ओढते.

फोनवर मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक अंतराने ठोके देणारं यंत्र, लावून सराव घेऊ का, असंही विचारता. नको. अडीच वर्षांची मुलंसुद्धा यंत्रापेक्षा समोरच्या माणसाबरोबर वाजवताना ताल जास्त नीट धरतात, असं प्रयोगात दिसलंय. समोर बसा, तुम्हीच वाजवा. चौथ्या वर्षाच्या आसपास बऱ्याच जणांचं जमू लागतं, काहींना आणखी वेळ लागतो.

परवा तुम्ही हेच विचारत होतात, तेव्हा तुमची लेक माझ्या टेबलावर बोटं वाजवत होती. मी तिच्या लयीत वाजवायला लागले, तर माझ्याकडे बघत तिने मुद्दाम वेग वाढवला.