पुराची रेघ

आजीच्या लग्नाचा फोटो खालून अर्धा धुऊन गेलाय. मधोमध मातकट रेघ, तिच्या वर सगळं लख्ख. त्या काळच्या रीतीप्रमाणे आजोबा खुर्चीत बसलेले आणि आजी शेजारी उभी. त्यामुळे आजी वाचली. आजोबांचे फेट्याचे दोन पीळ तेवढे उरलेत. "नवऱ्यानं बसायचं नि बायकोनं ताटकळायचं, ही पद्धत एकदा तरी कामाला आली," असं ती वर म्हणते.

१२ जुलै १९६१. सकाळी पानशेत फुटलं, मग खडकवासल्यानंही हात टेकले आणि मुठा नारायण पेठेतल्या वाड्यात शिरली. मागची पडवी, सोपा, माजघर बसलं. हा फोटो असलेली भिंत तेवढी राहिली. तेव्हापासून आमच्या घरात सन चालत नाही. आत्याचा जन्म पानशेतच्या आधीचा, बाबांचा नंतरचा. आधीचं काही दाखव म्हटलं, तर हा अर्धा फोटो आणि पितळेची एक वाटी.

वाटी आमची नाही. गाळ उपसताना सापडली. बुडाशी ठिपक्याठिपक्यांनी कोरलंय : 'य. रा. कु., मुंज, १९४८'. आमच्यात कु. कुणीच नाही. शेजारीपाजारी विचारून झालं, पण तोवर निम्मी आळी गोखलेनगर, लोकमान्यनगर अशी पांगली होती. आमची भांडीही अशीच कुणाच्या तरी फडताळात असणार. आजी ती वाटी दर दिवाळीला चिंचेनं घासते. वापरत मात्र नाही. परक्याची वस्तू.

गेल्या महिन्यात मी वाड्याची जागा बघायला गेलो. तिथं आता पार्किंगवर उभी असलेली पाच मजली इमारत आहे. आजीनं सांगितलेल्या खुणांपैकी ओंकारेश्वर सापडला, नदी सापडली, विहीर नाही. नदीकाठानं मेट्रो गेली. भिडे पुलावर पोरं सेल्फी काढत होती. पावसाळ्यात हाच पूल पाण्याखाली गेल्याची बातमी आली की आजी अजून घरातल्या पोथ्या नि रेशनकार्ड उचलून माळ्यावर टाकायला लावते. आम्ही राहतो कोथरूडला, चौथ्या मजल्यावर.

घरी आल्यावर मोबाइलमधले फोटो तिला दाखवले. इमारत तिनं बोटानं सरळ पुढं सरकवली. सगळे पाहून झाल्यावर चष्मा काढत म्हणाली, "ते असू दे. खाली पाट्या असतात ना नावांच्या? त्यात कुणी कु. होतं का, बघितलंस?"