तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांना राक्षसाच्या गोष्टी कशाला सांगता?

शनिवारी संध्याकाळी मी आमच्या सोसायटीच्या लायब्ररीत मुलांना गोष्टी सांगते, आणि रात्री स्वतः भयकथा वाचत बसते हेही सगळ्यांना माहितीये, त्यामुळे हा प्रश्न मला दोन्हीकडून येतो. मुलांच्या आया म्हणतात, "ताई, राक्षस कशाला हो, चिमणी-कावळ्याचं सांगा ना, रात्री झोपत नाहीत मग." आणि ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणतात, "तू अजून काय ते भुताखेतांचं वाचतेस गं?" उत्तर दोघींना एकच आहे, फक्त ते दारात चपला घालता घालता सांगण्यासारखं नाही म्हणून नीट लिहितेय.

राक्षस गोष्टीत आला की मुलं काय विचारतात ते बघा एकदा. शिंगं किती, दात केवढे हे विचारतात, पण त्याच्याही आधी एक प्रश्न हमखास येतो, "तो काय खातो?" हा प्रश्न मला फार आवडतो कारण तो बरोबर मुद्द्यावर बोट ठेवतो. गोष्टीतला राक्षस म्हणजे भूक, कितीही दिलं तरी न भागणारी. आणि सगळं मलाच पाहिजे, आत्ताच पाहिजे, नाही दिलंत तर घर डोक्यावर घेईन, हे चार वर्षांच्या पोराला कोणी समजावून सांगायला लागत नाही, तो रोज त्यातून जातो. फक्त स्वतःच्या आत असताना ते त्याला दिसत नाही, गोष्टीत बाहेर उभं राहिलं की नीट बघता येतं. मोठ्यांच्या गोष्टीतही तीच भूक असते, तिथे प्रश्न बदलतो एवढंच. तिला रोज जेवायला कोण घालतंय?

बकासुराची गोष्ट घ्या. आपल्या सगळ्यांना ती लहानपणीच माहीत झालेली असते, गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस, सगळं बकासुराच्या पोटात. मुलांना यातला कुठला भाग पुन्हा पुन्हा ऐकायचा असतो? मारामारीचा नाही. भीम गाडा घेऊन जातो, बकासुराला नावाने हाका मारतो, आणि त्याच्यासाठी आणलेला भात स्वतःच खायला बसतो तो! बकासुर धावत येतो, पाठीवर दोन्ही हातांनी धपाधप मारतो आणि हा मागे वळूनसुद्धा बघत नाही, जेवतोच आहे. मुलं इथे अक्षरशः लोळतात हसून, कारण एवढ्या मोठ्या भुकेसमोर कोणीतरी आरामात मांडी घालून बसलंय आणि "थांब, माझं जेवण होऊ दे" म्हणतंय.

पण महाभारताच्या आदिपर्वात हीच गोष्ट जाऊन वाचा, मोठं झाल्यावर. एकचक्रा नगरीत पांडव लपून राहतायत, ज्या ब्राह्मणाच्या घरी उतरलेत त्या घराची पाळी आलीये. बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी जाते, मुलगी म्हणते मला पाठवा, आणि प्रत्येकजण आपणच का जावं याची कारणं देतोय, हे सगळं बराच वेळ चालतं, वाचवत नाही. आणि मग घरातला सगळ्यात धाकटा, बोबडं बोलणारा पोरगा, गवताची एक काडी उचलतो आणि म्हणतो की या काडीने मी त्या राक्षसाला मारतो. रडणारी सगळी माणसं एवढ्या दुःखात क्षणभर हसतात, आणि नेमकी तीच वेळ साधून कुंती पुढे येते.

आणि तो ब्राह्मण कुंतीला जे सांगतो ते ऐकून तर मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. इथला राजा दुबळा आहे, त्याला आमचं रक्षण करता येत नाही, हा बकासुरच आमच्या मुलखाचं बाहेरच्या शत्रूंपासून रक्षण करतो आणि हे अन्न, हा माणूस, हे त्याचं वेतन आहे. वेतन! म्हणजे राक्षस जंगलातून अचानक येऊन कोणाला उचलून नेत नाही, गावाने त्याच्याशी हिशोब ठरवलाय, पाळ्या लावल्यात, गाडा वेळेवर जातोय. आपली पाळी येईपर्यंत प्रत्येक घर शांत. मला हा भाग बकासुराच्या दातांपेक्षा शंभरपट भीतीदायक वाटतो, आणि तो मी सहा वर्षांच्या मुलांना सांगत नाही, कारण त्यांच्या हातात त्याचं काही करण्यासारखं नाही. गवताची काडी मात्र न विसरता सांगते.

एकाच गोष्टीत दोन वयांचे दोन राक्षस बसलेत बघा, म्हणून मला लहान मुलांचं साहित्य आणि भयसाहित्य ही दोन टोकं वाटतच नाहीत. रत्नाकर मतकरींनी 'निम्मा शिम्मा राक्षस' आणि 'अलबत्या गलबत्या' मुलांसाठी लिहिली आणि त्याच माणसाने 'गहिरे पाणी'मधल्या गूढकथा लिहिल्या. 'अलबत्या गलबत्या'मधली चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी आणि अलीकडे वैभव मांगले यांनी केली, म्हणजे नाकीडोळी भयंकर बाई आणि आत पुरुष नट. या नाटकाला मुलांच्या मध्ये बसून बघा एकदा, किंचाळणं आणि हसणं यांच्यात अंतरच उरत नाही.

बाहेरचं उदाहरण द्यायचं तर अमेरिकन लेखक-चित्रकार मॉरिस सेंडाकचं मुलांसाठीचं चित्रपुस्तक 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर', १९६३ सालचं. मॅक्स नावाचा मुलगा लांडग्याचा ड्रेस घालून घरभर दंगा करतो, आई ओरडते तर तिलाच म्हणतो मी तुला खाऊन टाकीन, मग आई त्याला न जेवता झोपायला पाठवते. खोलीत जंगल उगवतं, मॅक्स होडीतून राक्षसांच्या देशात जातो, त्यांचा राजा होतो, आणि राजा झाल्यावर काय करतो? त्यांना न जेवता झोपायला पाठवतो. निघताना ते राक्षस म्हणतात जाऊ नकोस, आम्ही तुला खाऊन टाकू, आमचं एवढं प्रेम आहे तुझ्यावर. सेंडाकने सांगितलंय की हे राक्षस म्हणजे त्याच्या लहानपणी घरी येणारे नातेवाईक, गाल ओढून "किती गोड, खाऊनच टाकते याला" म्हणणारे, आता हे आपल्याकडच्या कुठल्या मुलाने सोसलेलं नाही सांगा. मोठ्या माणसांना तेव्हाही हे पुस्तक मुलांसाठी भयानक वाटलं होतं. मुलांना वाटलं नाही, कारण मॅक्स घरी येतो तेव्हा त्याचं जेवण खोलीत ठेवलेलं असतं आणि अजून गरम असतं. या पुस्तकात पहिल्यापासून शेवटपर्यंत जेवणच आहे!

मोठ्यांकडे वळलं की ही भूक जास्त दुखरी होते. इंग्रज लेखिका मेरी शेली अठरा वर्षांची असताना, १८१६ च्या त्या पावसाळी थंडगार उन्हाळ्यात, जिनिव्हाच्या तळ्याकाठी तिने 'फ्रँकेन्स्टाइन' हे पुस्तक लिहायला घेतलं, एका शास्त्रज्ञाने बनवलेल्या राक्षसाचं, १८१८ ला छापून आलं, तेही लेखिकेच्या नावाशिवाय. खूप जणांनी फक्त सिनेमातला खिळे ठोकलेल्या मानेचा राक्षस बघितलाय. पुस्तकातला बोलतो, वाचतो, एका गरीब कुटुंबाला भिंतीच्या फटीतून महिनोन्‌महिने बघत भाषा शिकतो, त्यांच्यासाठी रात्री गुपचूप लाकडं आणून ठेवतो. आणि खातो काय, तर कंदमुळं आणि बोरंबिरं. माझं पोट भरायला मला कोकरू मारावं लागत नाही, असं तो आपल्या निर्मात्याला सांगतो. त्याची भूक फक्त एकाच गोष्टीची आहे, कोणीतरी सोबत असावं, आणि ज्याने त्याला बनवलं तोच पहिल्या रात्री त्याला बघून खोलीतून पळून जातो. पुढे जे खून होतात ते तो करतोच, मी त्याला निर्दोष म्हणत नाही, पण बकासुराला वेतन देणारं गाव आणि स्वतःच्या निर्मितीला उपाशी ठेवणारा हा शहाणा माणूस, हे दोघं मला एकाच रांगेत दिसतात.

आणि 'तुंबाड'. २०१८ चा राही अनिल बर्वेचा सिनेमा, हिंदी आहे पण पाऊस, वाडा, माणसं सगळी आपली. त्यातला राक्षस म्हणजे हस्तर, देवीचा हावरा मुलगा, त्याला सोनं मिळालं पण धान्य मिळालं नाही, म्हणून तो कायमचा भुकेला. सिनेमाचा नायक विनायक त्याच्यासमोर कणकेची बाहुली टाकतो, तो खायला लागला की त्याच्या लंगोटातली सोन्याची नाणी काढून पळतो, आणि परत येतो, आणि परत येतो. देवीच्या त्या विहिरीसारख्या लाल गर्भाशयात दोन भुकेले समोरासमोर असतात, त्यातला एक तिथे अडकलाय आणि दुसरा स्वतःच्या पायाने दोर सोडून खाली उतरलाय. एक भूक तरी सोनं सोडून कणकेवर झडप घालते, दुसरीला काहीच पुरत नाही. मैत्रिणी विचारतात ना का वाचतेस, का बघतेस, तर यासाठी. हाव वाईट असते हे मला लाख जणांनी सांगितलंय, पण विनायक आपल्या लहान मुलाला दोरावर चढायची प्रॅक्टिस द्यायला लागतो तेव्हा पोटात जे होतं ते सांगून होत नाही.

आता आयांच्या काळजीबद्दल, कारण ती खरी आहे आणि मी ती हसण्यावारी नेत नाही. काही मुलं खरंच घाबरतात. मी झोपायच्या वेळेला राक्षस सांगू नका असंच म्हणते, दुपारी सांगा, गोष्ट अर्धी सोडून "उरलेली उद्या" करू नका, राक्षसाचं काय झालं ते त्याच बैठकीत कळलं पाहिजे. मूल म्हणालं थांब, तर थांबा. चित्रं दाखवण्यापेक्षा तोंडी सांगा, म्हणजे मूल स्वतःला झेपेल एवढाच राक्षस डोळ्यांसमोर आणतं.

पण एक गोष्ट मला मनापासून खटकते. ज्या घरात राक्षसाच्या गोष्टी नकोत म्हणतात तिथेच "जेव पटकन, नाहीतर बागुलबुवा येईल" हे दोन्ही वेळा चालू असतं. गोष्टीतल्या राक्षसाला घर असतं, नियम असतात, त्याचा प्राण कुठेतरी पोपटात असतो, आणि त्याच्यासमोर भीम असतो नाहीतर काडी घेतलेला पोरगा असतो. बागुलबुवाला यातलं काहीच नसतं. तो कधीही येऊ शकतो, त्याला हरवायची सोय नाही, आणि त्याला बोलावणारी आपलीच आई असते. मुलाला एकटं पाडणारी भीती ही आहे. ती बंद करा आधी, गोष्टी राहू द्या.

आणि सुरुवात कुठून करू असं विचारत असाल तर बकासुरापासूनच करा. गाड्यात काय काय भरलं ते तुम्ही सांगू नका, मुलांना भरू द्या. आमच्याकडे मागच्या वेळी भात, वरण, साठ पुरणपोळ्या, पाणीपुरी आणि एक आख्खा फणस गेला, आणि भीमाने पाणीपुरीचं पाणी सांडलं का यावर बराच वेळ भांडण झालं.