लिचीच्या एका जातीसाठी

जूनच्या मध्यावर मायामीच्या दक्षिणेकडील होमस्टेड आणि रेडलँड या पट्ट्यात शिरले की लाल घोसांनी वाकलेली लिचीची झाडे दिसू लागतात. इथली जमीन म्हणजे जवळजवळ चुनखडीचा कातळच असून तो यंत्राने फोडल्याशिवाय झाड लावता येत नाही. रत्नागिरीकडे कातळात सुरुंग लावून केलेले खड्डे आणि त्यांत मातीची भर घालून जगवलेली हापूसची कलमे पाहत मी वाढलो, त्यामुळे या बागांशी माझी ओळख व्हायला फार वेळ लागला नाही.

आपल्याकडे लिची म्हणजे लिचीच. मे महिन्याच्या अखेरीस मुजफ्फरपूरची शाही लिची पानांसकट जुड्या बांधून बाजारात येते आणि दोन-तीन आठवड्यांत दिसेनाशी होते. हापूस, पायरी, केशर यांवर तासभर वाद घालणारे आपण लिचीची जात कधी विचारत नाही. इथे मात्र जातीच्याच शोधात असलेली माणसे मला भेटली. आमच्या वस्तीतील एक वयोवृद्ध गृहस्थ मूळचे जमैकातील चिनी कुटुंबातले आहेत. त्यांच्या परसात सात लिच्या आहेत आणि सातही वेगवेगळ्या जातींच्या आहेत. त्यांनी पहिल्या भेटीत एक फळ सोलून माझ्या हातात ठेवले आणि गर खाऊन झाल्यावर बी दाखवायला सांगितले. ती बी चपटी, सुरकुतलेली आणि नखाएवढीच होती. अशा बीला चिनी बागायतदार कोंबडीच्या जिभेची उपमा देतात, कारण बी जितकी खुरटी तितका गर अधिक. ते फळ ‘नो माय त्झे’ या जातीचे होते आणि या नावाचा अर्थ चिकट तांदूळ असा आहे.

ही जात हवी म्हणून बी मागवून भागत नाही. लिचीची बी फळातून काढल्यावर चार-पाच दिवसांतच रुजण्याची शक्ती गमावते, आणि रुजली तरी रोप आईच्या गुणाचे निघेल याची खात्री नसते. शिवाय त्याला फळ धरायला दहा वर्षेही लागू शकतात. फळही टिकत नाही. झाडावरून उतरवल्यावर उघड्यावर दोन-तीन दिवसांत साल तपकिरी पडते. म्हणून एखादी जात चाखायची असेल तर तिचे झाडच आपल्या दारी आणावे लागते, आणि ते गुटी कलमाने, म्हणजे झाडावरच्या फांदीला तिथेच मुळे फुटवून, तयार केलेले असावे लागते.

फ्लोरिडातील प्रत्येक जुन्या जातीमागे असा एखादा प्रवास आहे. विल्यम ब्रूस्टर या मिशनऱ्याने 1903 ते 1906 या काळात चीनच्या फूज्यान प्रांतातून पाठवलेली ‘चेन झी’ इथे त्याच्याच नावाने, ‘ब्रूस्टर’ म्हणून ओळखली जाते. ‘बंगाल’ जातीचे मूळ रोप 1929 मध्ये कोलकात्याहून अमेरिकेच्या कृषिखात्याकडे आले आणि मायामीत त्याला 1940 मध्ये फळ धरले. हे वाचल्यापासून मी त्या झाडाकडे माहेरच्या माणसाकडे पाहावे तसा पाहतो. ‘मॉरिशस’ म्हणून विकली जाणारी जात चीनमधील ‘ताय सो’ हीच आहे. एकाच झाडाला दोन-तीन नावे पडल्यामुळे शोध घेणाऱ्यांची बरीच वर्षे वाया जातात.

माझीही गेली. मोठ्या हौसेने एका रोपवाटिकेतून ‘नो माय त्झे’ अशी पट्टी लावलेले रोप मी आणले, थंडीत त्याच्यावर चादर घातली आणि पाचव्या वर्षी पहिला घोस धरला. फळ सोलले तर आत टपोरी, गुळगुळीत, चकचकीत बी निघाली. त्या गृहस्थांनी पान उलटून पाहिले, सालीवरून बोट फिरवले आणि ही मॉरिशस असल्याचे शांतपणे सांगितले. फळ गोड होते. पण पाच वर्षे ज्याची वाट पाहिली ते नव्हते, आणि त्याचे मला फार वाईट वाटले.

चीनमध्ये या आवडीला जो मान आहे तो आपल्याला कल्पनेपलीकडचा वाटेल. ग्वांगडाँगमधील झेंगचेंग येथे ‘ग्वा ल्यू’ या जातीचे एक जुने झाड आहे. त्याच्या लाल फळाभोवती हिरवी रेघ असते. 2002 मध्ये या झाडाच्या एका फळाला लिलावात 5,55,000 युआन मिळाले. चीनच्या साँग राजवटीतील त्साय श्यांग या अधिकाऱ्याने 1059 मध्ये केवळ लिचीच्या जातींवर ग्रंथ लिहिला होता, तोही ब्रूस्टरची झाडे जिथून आली त्याच फूज्यान प्रांताचा.

अशा जातींची एखादी काडी सामानात लपवून आणावी, असा मोह अनेकांना होतो. याबाबत माझे मत कठोर आहे. 2018 मध्ये फ्लोरिडाच्या पाइन बेटावर लिचीवर पडणारा एक अतिसूक्ष्म कोळी (माइट ही कीड) सापडला. तो डोळ्यांना दिसत नाही, पण त्याने ग्रासलेले कोवळे पान आक्रसते आणि त्याच्या खालच्या बाजूला तांबूस मखमलीसारखा थर येतो. मी असे पान हातात घेऊन पाहिले आहे. स्पर्शाला ते इतके मऊ लागते की रोग आहे यावर विश्वास बसत नाही. बागायतदारांना फांद्या छाटाव्या लागल्या, रोपांच्या ने-आणीवर निर्बंध आले. परवाना, वनस्पती आरोग्याचा दाखला, माती धुतलेली मुळे आणि तपासणी ही सरळ वाट लांबची आहे खरी, पण एका हौशी माणसाच्या घाईने शेजाऱ्याची पन्नास झाडे धोक्यात येत असतील तर ती हौस कसली?

मी आता बाहेरून काहीच मागवत नाही. जूनच्या अखेरीस त्या गृहस्थांनी त्यांच्या झाडाची अंगठ्याएवढी एक फांदी मला निवडू दिली. दोन बोटे रुंदीची साल गोल काढून, ओले शेवाळ बांधून आम्ही वर प्लास्टिक गुंडाळले. काल पाहिले तेव्हा प्लास्टिकच्या आतून पांढरी, दोऱ्यासारखी मुळे दिसत होती. ती तपकिरी झाली की फांदी कापायची, असे त्यांनी सांगितले आहे. कुंडी मी आताच भरून सावलीत ठेवली आहे.