तक्रार ‘सोडवली’, नेट मात्र तसंच : माझा अनुभव

आधी मुद्द्याचं सांगून टाकतो, मग माझं रडगाणं. नेट कंपनीकडून तक्रार बघायला घरी आलेल्या मुलाला, काम झाल्याची आपली खात्री पटेपर्यंत ओटीपी द्यायचा नाही. तो ‘नुसती एंट्री करायची आहे’ म्हणेल, ‘वरून फोन येतोय’ म्हणेल. तरी नाही. का, ते पुढं येईलच.

मी सांगलीत राहतो आणि लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. तुळशीचं लग्न लागलं की आमचा सीझन सुरू. शूटिंग करणारे ग्रुप पुण्याचे आणि कोल्हापूरचे. ते कच्चं फुटेज क्लाउडवर टाकतात, मी ते उतरवून घेतो, कापतो, जोडतो, कलर करतो आणि तयार फिल्म परत वर चढवतो. ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी हिशोब सांगतो: १०० एमबीपीएसनं रेकॉर्ड केलेलं फोर-के फुटेज तासाला ४५ जीबी भरतं. तीन कॅमेरे, वर ड्रोन. हळद, संगीत, लग्न, रिसेप्शन. एका लग्नाला ५०० जीबी सहज होतात. म्हणून सीझनच्या तोंडावर मी घरचा प्लॅन बदलून ३०० एमबीपीएसचा घेतला. प्लॅन बदलताना कसलाही त्रास झाला नाही. पैसे घ्यायचे असतात तेव्हा कुणाचंच सर्व्हर डाउन नसतं.

लग्नसराई ऐन भरात आली आणि एका दुपारी आई आतून ओरडली, “अरे, हे नुसतं गोल गोल फिरतंय!” तिची मालिका अडकली होती. इकडे माझं अपलोडही अडकलेलं. स्पीड टेस्ट केली तर जेमतेम १ एमबीपीएस. तेवढ्यात मेसेज आला की तुमचा १०० टक्के हायस्पीड डेटा वापरून झाला आहे. ४० जीबीची एक फिल्म त्याच संध्याकाळी पुण्याला पोचायला हवी होती. १ एमबीपीएसनं ४० जीबी चढवायला साधारण ८९ तास लागतात. म्हणजे नवरा-नवरी हनिमूनहून परत आली असती.

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण मला लगेच ‘अहो, एफयूपी असतोच’ असं ऐकवलं जातं. एफयूपी म्हणजे ठरावीक डेटा वापरून झाला की वेग कमी करायचा नियम. असतो, मला माहीत आहे. जाहिरातीत ठळक अक्षरात ‘अनलिमिटेड’ असतं आणि खाली मुंगीच्या अक्षरात ‘फेअर युसेज पॉलिसी लागू’. माझ्या प्लॅनला महिना ३३०० जीबीची मर्यादा आहे. अनेक कंपन्यांच्या घरगुती फायबरला हाच आकडा आहे. दिवसाला सरासरी ११० जीबी पडतात. फोर-के सिनेमा तासाला ७ जीबीपर्यंत खातो असं धरलं, तरी रोज पंधरा तास टीव्ही बघावा लागेल, म्हणजे साध्या कुटुंबाला ही मर्यादा कधी लागायची नाही. मला लागू शकते, कबूल. आणि माझ्या प्लॅनमध्ये चढवलेला डेटाही त्यात धरतात. म्हणूनच मी राउटरचा ट्रॅफिक मीटर रोज रात्री बघतो. त्या दिवशी मीटर सांगत होता की नवा प्लॅन सुरू झाल्यापासून निम्म्याच्या थोडंसं वर गेलोय. कंपनीचं ॲप म्हणत होतं, ३३०० संपले.

भांडण एवढंच होतं. मर्यादा का ठेवली असं मी विचारतच नव्हतो. तुम्ही मोजलं कसं, तेवढं दाखवा म्हणत होतो.

आणि इथंच गाडी रुतली.

कस्टमर केअरला फोन लावला. मराठीसाठीचं बटण दाबलं, तरी पलीकडून हिंदीच आलं. “सर, आपका प्लॅन तो अनलिमिटेड है, एक बार राउटर रीस्टार्ट कर लीजिए.” हे वाक्य लक्षात ठेवा, कारण बऱ्याच राउटरमधला मीटर रीस्टार्ट केला की शून्यावर येतो. आपल्या हातातला एकमेव पुरावा आपल्याच हातानं पुसला जातो. आधी त्या पानाचा फोटो काढायचा, तारीख-वेळ दिसेल असा, मग काय करायचं ते करा. मी काढला आणि मगच रीस्टार्ट केलं. अर्थात काही फरक पडला नाही. पडणार कसा?

मग तक्रार नोंदवायची म्हटलं, तर त्यांच्या यादीत प्रकार तीन-चारच: नेट बंद, नेट स्लो, बिल, कनेक्शन हलवणे. ‘मोजणी चुकली आहे’ असा प्रकारच नाही. फोनवरच्या बाईंनी तक्रार ‘नेट स्लो’ मध्ये घातली. ‘नेट स्लो’ मध्ये तक्रार गेली की त्यांची सिस्टीम लाइन तपासते. लाइन उत्तम असते. स्पीड एफयूपीमुळे कमी आहे असं तिला दिसतं. म्हणजे दोष काहीच नाही. म्हणजे तक्रार बंद. संध्याकाळी मेसेज: ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. आपली सेवा करताना आम्हाला आनंद झाला.’

परत फोन. परत तीच कहाणी पहिल्यापासून, कारण दर वेळी नवा माणूस. परत ‘नेट स्लो’. परत आनंद झाला. एकाला मी विचारलं की माझा रोजचा वापर तारीखवार दाखवा. तो म्हणाला, “सर, हमें सिर्फ टोटल दिखता है.” दुसरा म्हणाला, दिसतं पण देता येत नाही. तिसऱ्यानं उलट मलाच विचारलं की तुम्ही एवढा डेटा करता काय, घरगुती प्लॅनवर धंदा करता का? हा प्रश्न तुम्हालाही येईल. घरात एक माणूस एका कॉम्प्युटरवर बसून काम करतो, त्यानं घराचं ऑफिस होत नाही असं माझं मत आहे, पण तो वाद त्या फोनवर घालायचा नाही. काय करता ते सांगत बसू नका. मोजणी मागा, फक्त मोजणी.

मग एक दिवस न सांगता मुलगा दारात. कवठेमहांकाळकडचा, बोलायला चांगला. बॅगेतून पॉवर मीटर, म्हणजे लाइनमधला सिग्नल मोजायचं यंत्र, काढला, पिवळी वायर सोडवून त्यात खुपसली आणि म्हणाला, “दादा, पॉवर तर मस्त आहे, उणे एकोणीस.” मी म्हटलं, पॉवरबद्दल माझं काही म्हणणंच नाही. त्याला ॲपमधला आकडा आणि राउटरचा फोटो शेजारी शेजारी धरून दाखवले. त्यानं दोन्हीकडे बघितलं, मान हलवली. “हे आमच्या हातात नाही, वरचं आहे,” म्हणाला. आणि लगेच, “तेवढा ओटीपी सांगा.”

कसला ओटीपी? तर तक्रार बंद करायचा. ग्राहकानं ओटीपी दिला म्हणजे ग्राहक समाधानी आहे अशी नोंद होते. मी नाही म्हणालो. तो म्हणाला, तक्रारीचं तिकीट लोंबकळलं की आमचे पैसे कापतात. मला त्याची दया आली, खोटं कशाला बोलू. चहा दिला, ओटीपी नाही दिला. तो गेला. रात्री त्याच्या सुपरवायझरचा फोन, सकाळी आणखी कुणाचा तरी. सगळ्यांना माझ्या नेटपेक्षा त्या सहा आकड्यांमध्ये रस. ओटीपी अडवून धरल्यामुळे ती तक्रार मात्र उघडी राहिली, आणि इतके दिवस मला सर म्हणणाऱ्या कंपनीनं पहिल्यांदाच स्वतःहून फोन केला, तो असा.

त्या फोनवर मी एकच मागणी धरली: ही तक्रार ‘नेट स्लो’ मधून काढून ‘बिल’ मध्ये घाला, आणि नवा डॉकेट नंबर द्या. डॉकेट नंबर म्हणजे आपल्या तक्रारीचा नोंदणी क्रमांक. तो मिळाला नाही तर तुम्ही तक्रार केलीच नाही असं समजा. फोनवर सांगितला तरी मेसेजनं मागून घ्या. मी प्रत्येक नंबर एका वहीत लिहिला, समोर तारीख आणि ‘काय म्हणाला’ असा रकाना. आमच्या ग्रुपमधले लोक या वहीला हसायचे.

बिल खात्यातून उत्तर आलं: ‘तपासणी केली, वापर बरोबर आहे.’ एका ओळीत. मला वाईट वाटण्याऐवजी हायसं वाटलं, कारण आता अपील करता येणार होतं.

अपिलाबद्दल बहुतेकांना माहीतच नसतं. लोक थेट ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, लिहितात. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत बसत नाही; ती कंपनीकडे पाठवून देते. पण ट्रायच्याच २०१२ च्या नियमांप्रमाणे कंपनीला तक्रार केंद्राच्या वर एक अपील प्राधिकारी ठेवावा लागतो. त्याचा ईमेल कंपनीच्या वेबसाइटवर असतो, तळाशी, सहज सापडू नये अशा ठिकाणी. अपिलाला पैसे पडत नाहीत. तक्रारीचा निकाल मिळाल्यापासून ३० दिवसांत ते करायचं असतं आणि ३९ दिवसांत त्याचा निकाल द्यायचा असतो. तिथंही काही झालं नाही तर केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या तक्रारींच्या पोर्टलवर दूरसंचार विभागाकडे जाता येतं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ ही आहेच. मला तिथवर जावं लागलं नाही.

अपील मी एका पानाचं लिहिलं. राग सगळा आधी एका वेगळ्या फाइलमध्ये लिहून काढला आणि ती फाइल उडवली. पानावर मागण्या तीनच ठेवल्या. एक, तारीखवार वापर, उतरवलेला आणि चढवलेला वेगळा. दोन, ३१ ऑक्टोबर २०१६ च्या ट्रायच्या आदेशाप्रमाणे ५० आणि ९० टक्क्यांना ग्राहकाला सूचना द्यायची असते. ती मला कधी दिली ते तारीख-वेळेसह दाखवा. मला १०० टक्क्यांचा मेसेज सोडून काहीच आलं नव्हतं. तीन, वर्ग चुकवून बंद केलेल्या तक्रारींचं काय. सोबत राउटरचे फोटो आणि वहीतले सगळे डॉकेट नंबर.

त्याच आदेशात आणखी एक गंमत आहे. मर्यादा संपल्यावरही घरगुती ब्रॉडबँडचा वेग ५१२ केबीपीएसच्या, म्हणजे साधारण अर्ध्या एमबीपीएसच्या, खाली नेता येत नाही. आणि जानेवारी २०२३ पासून सरकारच्याच व्याख्येत ब्रॉडबँड म्हणजे किमान २ एमबीपीएस. म्हणजे माझ्याकडे १ एमबीपीएसनं जे चालू होतं ते आदेशात बसत होतं आणि व्याख्येत बसत नव्हतं. हे मी अपिलात लिहिलं नाही, तिथं त्याचा उपयोग नव्हता. पण इथं लिहिल्याशिवाय राहवत नाही.

अपिलाला उत्तर लवकर आलं. आधी फोन, स्वच्छ मराठीत, मग ईमेलला जोडून एक एक्सेल शीट. म्हणजे जे ‘दिसत नाही’, ‘देता येत नाही’ असं सांगत होते ते होतंच. मी शीट उघडली आणि पहिल्या ओळीवरच थांबलो. पहिली तारीख माझा नवा प्लॅन सुरू व्हायच्या आधीची होती. प्लॅन बदलला तेव्हा त्यांनी जुन्या महिन्याचा मीटर शून्यावर आणलाच नव्हता. जुन्या प्लॅनमधला माझा सगळा वापर नव्या प्लॅनच्या माथी मारून बेरीज केली होती. नव्या प्लॅनच्या तारखेपासून मी स्वतः बेरीज केली तर ती राउटरच्या फोटोशी जवळजवळ जुळली. त्या संध्याकाळी मी ती शीट घरातल्या प्रत्येकाला दाखवली, आईलासुद्धा. तिनं विचारलं, “मग आता फिरणार नाही ना ते?”

नाही फिरलं. मीटर शून्य केला, प्लॅनची मुदत काही दिवस वाढवून दिली. ५० आणि ९० टक्क्यांच्या सूचनांबद्दल ‘तांत्रिक कारणामुळे गेल्या नाहीत’ एवढंच. चुकीच्या खात्यात बंद केलेल्या तक्रारींबद्दल अवाक्षर नाही.

मधल्या काळात कामं कशी केली असं पुण्याचे लोक विचारतात. हार्ड डिस्क बबल रॅपमध्ये गुंडाळून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पाठवली. २ टीबीची डिस्क सहा तासांत पोचली तर तो वेग ७४० एमबीपीएसच्या आसपास पडतो. ड्रायव्हरला याची कल्पना नाही.

आता आठवतील तशा बारीकसारीक गोष्टी. मीटर एक तारखेला शून्य होत नाही, तुमच्या प्लॅनच्या तारखेला होतो; ती तारीख कॅलेंडरवर लिहा. शूटिंगवाल्यांकडून आधी प्रॉक्सी, म्हणजे कमी वजनाच्या फाइल मागवायच्या आणि एडिट त्यावर करायचं. मूळ फुटेज डिस्कवर आलं तरी चालतं. विंडोजमध्ये ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ नावाची सेटिंग आहे, ती इंटरनेटवरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरना अपडेट पुरवायला लावलेली नाही ना ते बघा. आणि घराला सीसीटीव्ही असेल आणि तो चोवीस तास क्लाउडवर रेकॉर्ड करत असेल, तर २ एमबीपीएसचा एकच कॅमेरा दिवसाला २१ जीबीच्या वर चढवतो, महिन्याला साडेसहाशेच्या घरात. आमच्या गल्लीतल्या एका घरात असे चार आहेत आणि ते काका परवा म्हणत होते की आमचं नेट महिनाअखेरीला का रडतं कळत नाही. त्यांना मी माझ्या अपिलाची प्रत दिलेली नाही. आधी कॅमेऱ्यांचं सेटिंग ‘हालचाल झाली तरच’ वर टाका म्हणालो.