सावलीवरून पृथ्वीचा परीघ: नाशिक, पुणे, पणजी – दोन फेऱ्यांची नोंद

होमस्कूलिंग करणाऱ्या घरांनी आपापल्या गावात राहून एकत्र काय शिकावं, या प्रश्नाला दुपारची सावली हे फार चांगलं उत्तर आहे. हा प्रयोग एका घराला एकट्याने पुरा करताच येत नाही. किमान दोन गावं लागतात, आणि दुसऱ्या गावच्या मुलाने नीट मोजलं नाही तर आपलं अचूक मापही वाया जातं. आमच्या गटाच्या दोन फेऱ्या झाल्या. पहिलीत परीघ ३५,३०० किलोमीटरच्या आसपास आला, दुसरीत ४०,२८०. मधल्या तीन आठवड्यांत काय बदललं ते इथे लिहून ठेवत आहोत.

तत्त्व जुनंच आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ग्रीक विद्वान एराटोस्थेनीसने इजिप्तमधल्या सायीन आणि अलेक्झांड्रिया इथल्या दुपारच्या सूर्याच्या कोनांत वर्तुळाच्या एक पन्नासांशाइतका, म्हणजे ७.२ अंशांचा फरक धरला आणि दोन गावांतल्या अंतराला पन्नासने गुणलं. आपल्याकडे त्यासाठी नकाशात एक सुंदर सोय आहे. नाशिक, पुणे आणि पणजी ही तीन गावं जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत: ७३.७९, ७३.८६ आणि ७३.८३ अंश पूर्व. त्यामुळे तिघांची मध्यान्ह काही सेकंदांच्या फरकाने एकाच वेळी होते आणि त्यांच्यातलं सरळ अंतर हेच दक्षिणोत्तर अंतर मानता येतं. नाशिक ते पणजी ४९९ किलोमीटर, पुणे ते पणजी ३३५, नाशिक ते पुणे १६४.

हे अंतर हवाई हवं. रस्त्याने नाशिक–पणजी साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास भरतं. तो आकडा घातला तर पृथ्वी ५२,००० किलोमीटर परिघाची होते, आणि बाकी सगळं बरोबर असल्यामुळे चूक लवकर सापडत नाही. मोठी मुलं इथे एक रास्त शंका काढतात: नकाशावरचं अंतर पृथ्वीचा आकार माहीत असल्यामुळेच मिळतं ना? मग आपण काय सिद्ध केलं? शंका टाळू नये. भारताचं महासर्वेक्षण १८०२ मध्ये मद्रासजवळ साखळीने आधाररेषा मोजून सुरू झालं. तिथून त्रिकोणांची जाळी वर सरकत गेली. ते काम सुरू करणारा विल्यम लॅम्ब्टन १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला आणि त्याची कबर तिथेच आहे. आपण त्या साखळीचं काम उसनं घेतो आणि कोन तेवढे स्वतः मोजतो, असं मुलांना सरळ सांगावं.

पहिली फेरी, १ मार्च

सामान सगळ्यांचं सारखं ठरलं होतं: एक मीटरची काठी, वाळूने भरलेली बादली, पांढरा चार्ट पेपर, स्टीलची टेप. मध्यान्ह १२ वाजता नसते, हे पहिल्याच बैठकीत पक्कं केलं. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखावृत्ताची आहे. पुणे तिथून ८.६४ अंश पश्चिमेला, आणि दर अंशाला ४ मिनिटं, म्हणून साधारण ३४ मिनिटं ३० सेकंद उशीर. त्यात सूर्य आणि घड्याळ यांच्यातला त्या दिवसाचा फरक मिळवायचा. १ मार्चला तो साडेबारा मिनिटांच्या आत-बाहेर असतो. म्हणून १२:४७. दर दोन मिनिटांनी खूण करत राहायचं आणि सगळ्यांत छोटी सावली घ्यायची.

मापं आली ती अशी: नाशिक ५३० मिलिमीटर, पुणे ४८५, पणजी ४२१. कोन अनुक्रमे २७.९२, २५.८७ आणि २२.८३ अंश. नाशिक–पणजी फरक ५.०९ अंश. अंतराला ३६० ने गुणून या फरकाने भागलं की परीघ ३५,३०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे १२ टक्के कमी.

दोनच गावं असती तर चूक कुठे झाली हे कळलंच नसतं. तिसरं गाव इथे उपयोगी पडतं. पुणे–पणजी जोडीचा परीघ ३९,६७० आला, नाशिक–पुणे जोडीचा २८,८००. नाशिक ज्या ज्या जोडीत आहे ती जोडी बिघडते. म्हणून नव्या गटांनी पहिल्या दिवसापासून तीन ठिकाणं धरावीत.

चूक गच्चीच्या उतारात होती. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून गच्चीला मीटरमागे साधारण एक सेंटिमीटर उतार देतात. तो उतार उत्तरेकडे होता आणि काठी गुण्या लावून फरशीशी काटकोनात उभी केली होती. म्हणजे काठीही ०.५७ अंश कलली. तेवढाच्या तेवढा कोन थेट उत्तरात मिसळला, आणि एकूण खरा फरकच साडेचार अंशांचा असताना अर्धा अंश फार होतो. गंमत अशी की उतार असूनही काठी ओळंब्यात, म्हणजे वजन लावून सोडलेल्या दोऱ्यासारखी सरळ उभी असती तर सावली फक्त दोन-तीन मिलिमीटर चुकली असती. फरशी थोडी कलती असली तर चालतं, काठी कललेली चालत नाही. गुण्या सुताराच्या टेबलावर ठीक, गच्चीवर ओळंबाच हवा.

दुसरी चूक तिन्ही ठिकाणी सारखी होती आणि म्हणूनच तिने उत्तर बिघडवलं नाही. सूर्य बिंदू नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्यामुळे एक मीटर काठीच्या सावलीचं टोक सेंटिमीटरभर अस्पष्ट होतं. डोळा गडद भागाच्या शेवटी खूण करतो. तो शेवट सूर्याच्या वरच्या कडेने ठरतो, मध्याने नाही. म्हणून प्रत्येक कोन पाव अंशाने कमी येतो. तिघेही तितकेच चुकले, वजाबाकीत ते निघून गेलं. पण याच मापावरून एखाद्या मुलाने आपल्या गावाचं अक्षांश काढलं तर ते पाव अंशाने, म्हणजे जवळपास २८ किलोमीटरने चुकेल. सर्वांची सामाईक चूक वजाबाकीत मरते, एकट्याची चूक जिवंत राहते. त्यामुळे पद्धत आधी ठरवणं हे या प्रयोगात मोजण्याइतकंच महत्त्वाचं आहे. एका घराने मध्येच 'सुधारित' पद्धत वापरली तर सगळ्यांचं नुकसान होतं.

सामान बदललं

काठी काढून टाकली. तिच्या जागी भोकाची पट्टी आली आणि दोन्ही दुखणी एकदम गेली.

जाड पुठ्ठ्याचा १० × १० सेंटिमीटरचा तुकडा, मधोमध ५ मिलिमीटरचं भोक. तो जमिनीशी समांतर राहील असा कपडे वाळत घालायच्या स्टँडला किंवा स्टुलाला बांधलेल्या काठीला घट्ट बांधायचा. खाली चार्ट पेपर चारही बाजूंनी चिकटपट्टीने दाबून. भोकातून दोरा सोडून त्याला नट किंवा ओळंब्याचं वजन लावायचं, ते स्थिर झालं की कागदावर बरोबर खालचा बिंदू काढायचा. आता माप घ्यायचं ते या बिंदूपासून. काठी वाकडी असो, स्टँड तिरका असो, काही बिघडत नाही, कारण गणितात फक्त भोक आणि त्याच्या खालचा बिंदू येतो. वारा असेल तर ओळंबा हलतो. अशा वेळी वजन पाण्याच्या वाटीत बुडवून स्थिर करावं, दोऱ्याची जागा वाटीच्या दोन बाजूंना आडव्या-उभ्या रेघांनी कागदावर धरावी आणि मग वाटी काढून रेघा जोडाव्यात.

पुठ्ठ्याच्या सावलीत उजेडाचा एक लंबगोल ठिपका पडतो, साधारण दीड सेंटिमीटरचा. ती सूर्याची प्रतिमा आहे. तिच्या उत्तर आणि दक्षिण टोकांना खुणा करून मधला बिंदू घ्यायचा. उंची भोकाची मोजायची, पुठ्ठ्याच्या कडेची किंवा स्टँडच्या टोकाची नाही, आणि सगळं बांधून झाल्यावरच मोजायची. भोकातून सूर्याकडे बघायचं नाही, हे लहानांना प्रत्येक फेरीला नव्याने सांगावं.

टेपबद्दल एक छोटी गोष्ट: शाळेच्या फूटपट्टीचा शून्य काठावर नसतो, आत असतो. घरोघरी हा चार-पाच मिलिमीटरचा घोळ होतो. टेपच्या टोकाच्या हुकाची ढिलाईही त्यात जमा होते. म्हणून टेपवरच्या १०० मिलिमीटरच्या खुणेपासून मोजावं आणि शेवटी १०० वजा करावेत.

दुसरी फेरी, २० मार्च, शुक्रवार

विषुवदिन रविवारी यावा अशी वाट बघायला लागत नाही, हे होमस्कूलिंगचं सुख. मध्यान्ह तिन्ही ठिकाणी १२:४२. भोकाची उंची १००० मिलिमीटर. नाशिक ३६६, पुणे ३३८, पणजी २८०. कोन २०.१०, १८.६८, १५.६४.

नाशिक–पणजी: फरक ४.४६ अंश, परीघ ४०,२८०.
पुणे–पणजी: ३.०४ अंश, ३९,६७०.
नाशिक–पुणे: १.४२ अंश, ४१,५८०.

ध्रुवांवरून जाणारा खरा परीघ ४०,००८ किलोमीटर आहे. पहिला आकडा एका टक्क्याच्या आत आला यात थोडं नशीबही आहे. या उंचीला १ मिलिमीटर म्हणजे ०.०५ अंश. दोन्ही गावं एकेक मिलिमीटर उलट दिशांना चुकली तर ०.१ अंश. नाशिक–पणजी जोडीत तो दोन टक्के होतो, नाशिक–पुणे जोडीत सात. जवळची जोडी घेऊन अचूकता मिळत नाही. शेजारच्या तालुक्यात घर असलेल्यांनी निराश न होता दूरचा जोडीदार शोधावा.

विषुवदिनाचा आणखी एक फायदा ढगाळ गावांनी लक्षात ठेवावा. त्या दिवशी सावलीचं टोक दिवसभर सरळ रेषेत, पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतं. ऐन मध्यान्हीला ढग आला तरी सकाळच्या आणि दुपारच्या चार खुणा जोडून रेषा काढावी आणि ओळंब्याच्या बिंदूपासून तिच्यावर लंब टाकावा. तो लंब हीच मध्यान्हीची सावली. वेळेची घाईही फार नको: मध्यान्हीच्या पाच मिनिटं मागेपुढे सावली एक मिलिमीटरही बदलत नाही. पण १२:०० लाच मोजून मोकळं झालं तर याच तीन गावांत परीघ ४६,७०० च्या घरात जातो.

याच दिवशीच्या सावलीला आपल्या पंचांगांत नाव आहे: पलभा. बारा अंगुळं उंचीच्या शंकूची, म्हणजे उभ्या खुंटीची, विषुवदिनी मध्यान्हीला पडणारी सावली. पुण्याची पलभा जवळजवळ बरोबर ४ अंगुळं येते, नाशिकची ४.४, पणजीची ३.३. अंगुळ कोणतंही घ्या, गुणोत्तर तेच राहतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना अंशांआधी हे फार लवकर उमजतं. बारा ठोकळ्यांचा शंकू करून त्याच ठोकळ्यांनी सावली मोजू द्यावी.

कोणी काय करायचं

सहा-सात वर्षांच्या मुलांनी खुणा आणि वेळ सांभाळावी. दहाच्या पुढची मुलं एक चतुर्थांश प्रमाणात त्रिकोण काढून कोनमापकाने मोजतात, पण कोनमापक अर्ध्या अंशापलीकडे जात नाही आणि एवढ्याने उत्तर दहा टक्के हलतं. त्यांना ते हललेलं उत्तर मिळू द्यावं, दुरुस्त करू नये. त्रिकोणमिती बालभारतीच्या नववीच्या गणित भाग दोनमध्ये येते, तिथपर्यंत पोचलेल्यांनी सावली भागिले उंची करून कॅल्क्युलेटरवर व्यस्त टॅन घ्यावा. उत्तर २०.१० ऐवजी ०.३५ आलं तर कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे.

सामाईक तक्त्याचे नियम दोन फेऱ्यांनंतर असे झाले. आकडे फक्त मिलिमीटरमध्ये. उंची आणि सावली हे कच्चे आकडे टाकल्याशिवाय कोणी कोन काढायचा नाही. १२:४२ ते १:०० पर्यंत इतरांचे आकडे झाकलेले, कारण उत्तर ४०,००० आहे हे सगळ्यांना माहीत असतं आणि हात नकळत तिकडे सरकतो. चुकलेला आकडा खोडायचा नाही, शेजारी कारण लिहायचं. नाशिकचे पहिले ५३० अजून तक्त्यात आहेत आणि नव्या घरांना ओळंबा समजावताना तेच कामी येतात. फोटो टेपचा आणि खुणेचा, मुलांचे चेहरे नकोत. ठिकाण गावापुरतंच लिहायचं, घराचे अक्षांश-रेखांश नाहीत.

नागपूरचं एक घर पुढच्या वेळी येणार आहे. तिथली मध्यान्ह पुण्याच्या २१ मिनिटं आधी होते आणि पणजीशी अंतर धरताना तिरपं हवाई अंतर चालणार नाही, फक्त दक्षिणोत्तर भाग घ्यावा लागेल.

तिसरी फेरी, १३ मे

त्या दिवशी पुण्यात सावली शून्य असते. मध्यान्ह १२:३१. नाशिकला ठिपका सुमारे २७ मिलिमीटर उत्तरेला पडेल आणि पणजीला सुमारे ५२ मिलिमीटर दक्षिणेला, कारण पणजीचा सूर्य मेच्या सुरुवातीलाच डोक्यावरून पुढे गेलेला असतो. इथे कोनांची वजाबाकी नाही, बेरीज करायची. तक्त्यात 'दिशा' हा नवा रकाना घातला आहे, तो रिकामा ठेवू नये. ठिपका आणि ओळंब्याचा बिंदू अगदी जवळ येणार असल्याने जाड स्केचपेन चालणार नाही, टोकदार पेन्सिल घ्यावी. पुण्यातल्या घरांनी ओळंबा १२:२० पूर्वी काढून दोरा गुंडाळून ठेवावा, नाहीतर तो ठिपक्यावरच येतो. जुलैअखेर पुण्यात शून्य सावली पुन्हा येते, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं, म्हणून मेचा दिवस चुकवू नये.