कर्झन सापडला का?

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठवा, असा निरोप आला आणि मला पहिल्यांदा आठवली ती मडक्याची गदा. प्रार्थना, घंटा, मैदानातला पिंपळ यांवर बाकीची मंडळी लिहितीलच. मी गदेचं आणि तिच्यामागच्या खटाटोपाचं लिहितो.

साल १९८२, वर्ग नववी 'ब'. स्नेहसंमेलनासाठी मराठीच्या बाईंनी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'कीचकवधा'चा शेवटचा भाग बसवायला घेतला. मला भीम व्हायचं होतं. बाईंनी माझ्या काटकुळ्या दंडांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तू असं कर, नाटकाची पार्श्वभूमी शोधून काढ. पडदा उघडण्याआधी पाच मिनिटं बोलायचंय." ज्याला काम मिळत नाही त्याची ही समजूत काढणं चाललंय, एवढं मला कळत होतं. पण बाईंना नाही म्हणायची आमची छाती नव्हती.

त्याच संध्याकाळी नगर वाचनालयात गेलो. वाङ्मयाच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक काढलं आणि एक परिच्छेद वहीत जसाच्या तसा उतरवला. कीचक म्हणजे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, युधिष्ठिर म्हणजे मवाळ, भीम म्हणजे जहाल. अर्ध्या तासात काम फत्ते. दुसऱ्या दिवशी वही परत आली तेव्हा खाली लाल शाईत एकच ओळ होती : 'नाटकात कर्झन कुठे आहे? पान दाखव.'

आता आली पंचाईत. मूळ नाटक काढलं. प्रत इतकी जुनी की पान उलटताना कोपऱ्याचा तुकडा हातात यायचा. एकदा वाचलं, मग कर्झन शोधायला म्हणून पुन्हा वाचलं. विराटाची नगरी आहे, राजाचा माजलेला मेहुणा आहे, राणी सुदेष्णेच्या महालात सैरंध्री म्हणून राबणारी द्रौपदी आहे, स्वयंपाकी झालेला भीम आहे. कर्झनचं नाव औषधालासुद्धा नाही.

"बाई, कुठेच नाहीये."

"मग बघायला आलेल्यांना कसा दिसला?"

हा प्रश्न मला तेव्हा सुटला नाही. त्याच्या पाठी लागून मात्र पुढचा महिनाभर मी वाचनालयात असा ठाण मांडून बसलो की ग्रंथपाल काकांनी माझ्यासाठी खिडकीजवळचं स्टूल राखून ठेवायला सुरुवात केली.

बाईंनी एक युक्ती सांगितली होती. कागदाची लांब पट्टी घ्यायची आणि सापडेल ते सालवार लिहीत जायचं. मी वाण्याकडच्या पुडीचा कागद कापून पट्टी केली. १८९९ : कर्झन व्हाइसरॉय. १६ ऑक्टोबर १९०५ : बंगालची फाळणी. नोव्हेंबर १९०५ : कर्झन विलायतेला परत. १९०७ : 'कीचकवध' रंगभूमीवर. इथे माझी पेन्सिल अडली. म्हणजे नाटक आलं तेव्हा कर्झन जाऊन वर्ष उलटलं होतं! गेलेल्या माणसाचा वध कशाला? बाई म्हणाल्या, "तो गेला. फाळणी गेली का?" नव्हती गेली. ती रद्द झाली १९११ मध्ये. माझ्या पट्टीवर हे साल सगळ्यात शेवटी आलं, आणि ते लिहायला कागद कमी पडल्यामुळे मी शेपूट चिकटवलं.

याच कर्झनच्या कारकिर्दीत, १९०४ साली, प्राचीन वास्तूंच्या जतनाचा कायदा झाला हेही त्यातच सापडलं. भाषणातून ते वगळू का, असं विचारलं तर बाई म्हणाल्या, "अजिबात नाही. कीचकाला चांगलं बोलता येत नव्हतं असं कुठे लिहिलंय?"

खाडिलकर सांगलीचे. 'केसरी'त लिहिणारे, टिळकांच्या तालमीत तयार झालेले. लेखावर राजद्रोहाचं कलम कसं लागतं ते त्यांनी जवळून पाहिलेलं होतं. नाटकानंतर पुढच्याच वर्षी, जुलै १९०८ मध्ये, टिळकांना लेखांबद्दलच सहा वर्षांची शिक्षा झाली. पण विराटपर्वावर खटला कसा भरायचा? व्यासांना समन्स कुठल्या पत्त्यावर पाठवायचं? संगीत नाटकांची चलती असताना खाडिलकरांनी हे गद्यात लिहिलं, तेही मला हिशेबात बसणारं वाटतं. पदाला टाळ्या पडतात, 'वन्स मोअर' येतो आणि मधे राग ओसरतो. गद्य संवाद अग्रलेखासारखा चढत जातो. पुढे 'मानापमान' आणि 'स्वयंवर' लिहिणाऱ्या या माणसाला संगीताचं वावडं होतं, असं कोण म्हणेल?

सरकारने अखेर वाट काढलीच. १८७६ चा नाट्यप्रयोगांवरचा कायदा होता. प्रिन्स ऑफ वेल्सची घरात सरबराई करणाऱ्या कलकत्त्याच्या एका बड्या वकिलाची टर उडवणारा बंगाली फार्स झाला, त्यावरून चिडून आणलेला. त्याच कायद्याखाली १९१० मध्ये 'कीचकवधा'चे प्रयोग बंद झाले. त्याआधी थोडेच दिवस, २१ डिसेंबर १९०९ ला, नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या होत्या. तिथे प्रयोग होता 'शारदे'चा, ज्यात राजकारणाचा र नाही. पण साहेबाला आता प्रत्येक नाटकगृहात दारूगोळा दिसू लागला असणार.

माझी सगळ्यात मोठी कमाई होती ती मात्र विराटपर्वातली एक ओळ. भर दरबारात कीचक द्रौपदीला लाथ मारतो. ती न्याय मागते. कंक झालेला युधिष्ठिर तिला काय म्हणतो? 'अकालज्ञासि सैरन्ध्रि शैलूषीव विधावसि'. वेळकाळ कळत नाही तुला, नटीसारखी धावतेस इकडेतिकडे! शैलूषी म्हणजे नटी, हा अर्थ संस्कृतच्या सरांनी सांगितला. वेळ आलेली नाही, हे १९०७ चे मवाळही म्हणतच होते. खाडिलकरांना युधिष्ठिर वाकवावा लागला नाही, तो व्यासांकडे तयारच होता.

तेव्हा मी भीमाच्या पक्षाचा होतो. आता साठीला टेकल्यावर वाटतं, युधिष्ठिराचंही ऐकायला हवं. तेराव्या वर्षात ओळख पटली असती तर पुन्हा बारा वर्षं वनवास होता. त्याची पंचाईत खरी आहे, म्हणूनच भीमाचा राग नाट्य होतो. समोर नुसता भित्रा उभा केला असता तर 'कीचकवध' हे पत्रक झालं असतं.

आता गदा. विराटपर्वात मी स्वतः वाचलं होतं की पांडवांची शस्त्रं शमीच्या झाडावर लपवलेली होती आणि भीमाने कीचकाला नुसत्या हातांनी चेचून मारलं. तालमीत मी हे सांगितलं. "गदेशिवाय भीम ओळखणार कोण?" असं सगळे एका सुरात म्हणाले. मग कुंभाराकडून मडकं आणलं, त्यात वजनाला लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू भरली, वर कागद आणि सोनेरी रंग. प्रयोगात भीमाने गदा फिरवली ती थेट खांबावर. मडकं फुटलं आणि सगळी वाळू कीचकाच्या तोंडावर. मेलेला कीचक ठसकायला लागला. माझं पाच मिनिटांचं भाषण त्या हास्यकल्लोळात कुठल्या कुठे वाहून गेलं.

बाईंच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं बँकेतून निवृत्त झाल्यावर, मोबाइलवर. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराचं १९१० सालचं पुस्तक आहे. हिंदुस्थानातल्या असंतोषाचा जनक म्हणून त्याने टिळकांकडे बोट दाखवलं, टिळकांनी लंडनला जाऊन त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९१९ मध्ये हरले, तोच हा चिरोल. त्यात 'कीचकवधा'वर लंडनच्या 'टाइम्स'मधला मजकूर दिला आहे. कर्झनचं नाव रंगमंचावर कोणी उच्चारत नाही, छापील नाटकातही नाही, तरी थिएटरात सगळ्यांना ठाऊक असतं, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. पुढे तर प्रेक्षागृहच दिसतं : कीचकाचे चाळे बघताना आवळलेले, आठ्या पडलेले पुरुषांचे चेहरे, द्रौपदीची विनवणी ऐकताना चमकणारे बायकांचे डोळे, आणि कीचक पडल्यावर सभागृहभर उठलेली समाधानाची खोल गुणगुण. नाटकावर बंदी हवी असणाऱ्यांनी त्याच्या प्रेक्षकांचं असं चित्र काढून ठेवावं, ही गंमतच. मी महिनाभर पुस्तकाची पानं चाळत होतो, आणि कर्झन बसला होता खुर्च्यांच्या रांगांत.

लगेच बाईंना फोन लावला. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत, मुलीकडे असतात. सगळा उतारा वाचून दाखवला आणि म्हणालो, "बाई, सापडला."

त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "अरे, गदा नको म्हणून तूच सांगत होतास ना? ऐकायला हवं होतं तुझं."