पोर्टलंडच्या बाकावरचा ड्राझेन

क्रोएशियाचा बास्केटबॉलपटू ड्राझेन पेट्रोविच याचं नाव निघालं की आमच्या कोर्टवरची पोरं एकच आकडा फेकतात, एका मॅचमध्ये ११२ गुण. ऑक्टोबर १९८५, झाग्रेबचा सिबोना संघ, समोर ल्युब्ल्यानाचा ओलिंपिया. (आजचा एनबीए स्टार लुका डोनचिच लहानपणी याच ओलिंपियात शिकला, हे सांगितलं की पोरं कान टवकारतात.) पण नोंदणीच्या घोळामुळे ओलिंपियाने त्या दिवशी ज्युनियर पोरं उतरवली होती, हे कोणी सांगत नाही. मला त्या मॅचमधलं एवढंच भारी वाटतं: बावीस फ्री थ्रो (फाउलनंतर कोणी न अडवता टाकायचे शॉट) मिळाले, बावीसही घातले. फ्री थ्रोला समोर ज्युनियर असला काय नि सीनियर असला काय, हात आपलाच.

खरा पराक्रम १९८९चा. रेआल माद्रिदकडून अथेन्समध्ये कप विनर्स कप या युरोपातल्या क्लब स्पर्धेची फायनल, समोर इटलीच्या कासेर्ता संघाचा ऑस्कर श्मिट ४४ गुण घालतोय, आणि ड्राझेनचे ६२.

एवढं करून हा माणूस त्याच वर्षी अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये पोर्टलंडच्या संघात गेला आणि बाकावर बसला! त्याच्या जागेवर आधीच ड्रेक्सलर आणि पोर्टर खेळत होते, शिवाय युरोपातल्याला डिफेन्स जमत नाही हा तिथला ठाम समज. पहिल्या मोसमात सरासरी ७.६ गुण. दुसऱ्या वर्षी त्याच जागेवर खेळणारा डॅनी एंज आला, मग तेवढंही खेळायला मिळेना.

मी फोंड्यात शाळेच्या पोरांना बास्केटबॉल शिकवतो. पोरगं बाकावर दिसलं की पालक म्हणतात, "सर, त्याला जरा धीर धरायला सांगा." मी नाही सांगत. ड्राझेनने कुठे धरला? मला खेळवा नाहीतर सोडा, असं तो पेपरवाल्यांना उघड सांगायचा. जानेवारी १९९१मध्ये त्याला न्यू जर्सी नेट्स या दुसऱ्या एनबीए संघाला देऊन टाकलं. तिथे त्याने अंग कमावलं आणि पहिल्याच पूर्ण मोसमात २०.६ची सरासरी काढली. पुढच्या वर्षी २२.३, तीन गुणांच्या शॉटची अचूकता जवळजवळ ४५ टक्के.

पावसाळ्यात आमचं कोर्ट शेवाळतं. ब्लीचिंग पावडर टाकून कितीही घासा, दोन दिवसांत पुन्हा निसरडं. तेव्हा पत्र्याखाली बसून मी पोरांना त्याचा शॉट मोबाइलवर सावकाश दाखवतो. चेंडू हातात यायच्या आधीच गुडघे वाकलेले. पास येतो आणि सुटतो, मध्ये काही नाहीच. डिफेंडरचा हात वर येईपर्यंत चेंडू निघालेला असतो.

१९९३च्या ऑल-स्टारला, म्हणजे एनबीएतल्या निवडक खेळाडूंच्या सामन्याला, मात्र त्याला घेतलं नाही. तो भयंकर चिडला, आणि बरं केलं. त्याच वर्षी ७ जूनला क्रोएशियाच्या संघाबरोबर पोलंडहून परतताना त्याने पुढचं विमान सोडून गाडी धरली. जर्मनीत डेन्केनडॉर्फजवळ ओल्या महामार्गावर आडव्या झालेल्या ट्रकवर ती आदळली. वय २८. नेट्सने त्याच्या जर्सीचा ३ नंबर कायमचा राखून ठेवला. पोर्टलंडमध्ये तो ४४ घालायचा.